बेदाणा शेडातला अँप्लिफायर

मी फौजेत बावीस वर्षं वायरलेस सेट दुरुस्त केले आणि हवालदार म्हणून घरी आलो. आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, त्यामुळं पुढची बढती मला एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या मिळाली. या हाकेचा एक तोटा आहे. सारखं मेजर म्हणवून घेतलं की आपण बोलू ते बरोबरच असतं असं माणसाला वाटायला लागतं. मला तर सुट्टीवर यायचो तेव्हापासूनच तसं वाटायचं. कुणाचा टीव्ही बंद पडो, कुणाची विहिरीवरची मोटर, मी नुसतं बघून निदान सांगायचो. दहातली नऊ निदानं बरोबर निघायची. ही हकिगत दहाव्या निदानाची आहे.

आमचे दाजी, म्हणजे आक्काचे मालक, तासगावजवळच्या एका गावात राहतात. द्राक्षबाग, बेदाण्याची शेड, दोन म्हशी असा संसार. पण तरुणपणी पंचक्रोशीत त्यांना लोक ओळखायचे ते गिटारमुळं. हवाईयन गिटार, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची. त्यांच्या जोडीला एक गुरुजी होते, कडेगावकडचे. प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि बेंजो वाजवायचे. हल्ली रस्त्यावर बेंजो म्हणून जो दणदणाट चालतो तो नव्हे. गुरुजींचा बेंजो म्हणजे लाकडाची लांबट पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. हळदीला, बारशाला, गणपतीत दोघंच बसून वाजवायचे. पार्टीला नाव नव्हतं. लोक नुसतं म्हणायचे, जोडी आलीय.

जोडीतला तिसरा गडी म्हणजे मशीन. मिरजेत एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा दोघांनी मिळून घेतलेला गिटारचा जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर. त्याचे दोन भाग होते. एक लोखंडी पेटी, तिच्यात काचेचे पाच व्हॉल्व्ह आणि विटेएवढे दोन ट्रान्सफॉर्मर. दुसरी लाकडी पेटी, तिच्यात मोठा स्पीकर. दोन्ही पेट्या जोडायला सुती वेष्टणाची एक वायर, तिच्या दोन्ही टोकांना पिना. चालू केलं की मिनिटभर काहीच व्हायचं नाही. मग व्हॉल्व्हच्या पोटात तांबूस उजेड दिसायचा, बारीक घरघर यायची, आणि दाजींनी पहिली तार छेडली की मांडवातली कुजबुज थांबायची. आत्ताचे आवाज अंगावर येतात. तो आवाज जवळ येऊन बसायचा.

गिटार आणि बेंजो लावायला मशीनला दोन भोकं होती, पण आवाजाचं बटण एकच. गिटार दबतेय असं वाटलं की दाजी बटण वाढवायचे. त्याबरोबर बेंजोही वाढायचा आणि गुरुजी पुटपुटायचे, लगीन हाय, लढाई न्हवं. मग गुरुजी बटण कमी करायचे. वाजवता वाजवता बटणावरचा हात असा बदलत राहायचा. आक्का म्हणायची, या दोघांचं लग्न एकमेकांशीच झालंय, मी आपली भाकरीपुरती.

एका पावसाळ्यात मी सुट्टीवर आलो तेव्हा मशीन दाजींच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, भिंतीला लावून ठेवलं होतं आणि भिंतीला ओल आली होती. मी लगेच भाषण दिलं. ओलीनं वायरलेस सेटचं काय होतं ते मी डोंगरात, बर्फात पाहिलं होतं आणि ते सगळं मी दाजींना चहा होईपर्यंत ऐकवलं. मग मी स्वतःच कोरडी जागा शोधली. बेदाणा शेड. बेदाणा जिथं वाळतो तिथल्याइतकी कोरडी जागा सगळ्या तालुक्यात कुठली असणार? शेडच्या टोकाला पत्र्याची एक खोली होती, तिच्यात फवारणीचं सामान आणि गंधकाची पोती असायची. तिथं फळीवर मशीन चढवलं, वायर गुंडाळून वर ठेवली आणि पोत्यानं झाकलं.

गंधक कशाला, तर बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून द्राक्षांना त्याची धुरी देतात. शेडला प्लॅस्टिक गुंडाळायचं, आत गंधक पेटवायचं. हंगामात त्या बाजूनं गेलं की डोळे चुरचुरतात आणि घशात खवखवतं. गुरुजी त्या दिवशी तिथंच होते. त्यांनी विचारलं होतं, धुरीचा वास मशीनला चालंल का? मी म्हणालो, गुरुजी, मशीनला नाक नसतं. सगळे हसले. गुरुजीही हसले.

पुढची काही वर्षं मशीन तिथंच राहिलं. डीजे आले आणि हळदीत गिटार कुणाला ऐकू येईना. जोडी घरच्या घरी, मशीनशिवाय वाजवायची. मग एका एप्रिलमध्ये गुरुजींच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम ठरला. गुरुजी बौद्ध. त्यांच्या वस्तीतली जयंती म्हणजे मोठा दिवस, आणि या वेळी जोडीनं वाजवायचंच असं पोरांनी ठरवलेलं. नेमका दाजींना ताप आला. दाजी म्हणाले, मशीन न्या, तुमी एकटं वाजवा. गुरुजींनी मशीन जीपमध्ये घालून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत घेऊन आले, बंद पडलेलं. मी यात्रेच्या सुट्टीवर आलो होतो आणि दाजींच्या तब्येतीला बघायला सोप्यात बसलो होतो. दाजी खाटेवर, भावकीतले तिघं जोत्यावर. गुरुजींनी सांगितलं, मशीन चालू केलं, व्हॉल्व्ह पेटले, पण आवाजच आला नाही. म्हणून बटण वाढवलं. आणखी वाढवलं. मग आतून चिरकल्यासारखं झालं, जळका वास आला आणि सगळं शांत. जयंतीला शेवटी पोरांनी मोबाइलवर गाणी लावली.

मी पेटी उघडली, वास घेतला, मीटर लावला. स्पीकरकडं आवाज नेणारा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. असा ट्रान्सफॉर्मर एकाच कारणानं जळतो असं मला शिकवलेलं होतं. विहिरीत पाणी नसताना मोटर कोरडी चालवली की जशी जळते, तसंच हे. स्पीकर न जोडता अँप्लिफायर चालवला आणि आवाज वाढवत नेला की आत तयार झालेला जोर जायला वाट मिळत नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की स्पीकरची वायर लावायची राहिली.

गुरुजी म्हणाले, "वायर लावली होती. मी स्वतः लावली."

मी म्हणालो, "आवं गुरुजी, ट्रान्सफॉर्मर खोटं बोलत न्हाई."

"मग मी बोलतोय का?"

मी पेटीचे स्क्रू आवळत राहिलो. गुरुजींनी दाजींकडं पाहिलं. दाजी तापानं आडवे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. गुरुजी जोत्यावरून उतरले, चपला घातल्या आणि गेले. जीप वळल्यावर भावकीतला एक जण म्हणाला, त्यांच्या वस्तीत वस्तू दिली की अशीच परत यायची. त्यालाही मी काही बोललो नाही.

मी जातपात मानत नाही असं मी छातीठोक सांगायचो. ते खोटं नव्हतं, पलटणीत कुणाकुणाच्या ताटात जेवलो होतो. पण त्या माणसाच्या वाक्याला पाया माझ्या निदानानं घातला होता. आणि एक गोष्ट मी तेव्हा केली नाही. ती वायर माझ्या गुडघ्याशी पडली होती, मीटर माझ्या हातात होता. दोन टोकांना मीटर लावून बघणं हे दोन सेकंदांचं काम. गुरुजींच्या जागी भावकीतला कुणी असता तर मी ते दोन सेकंद दिले असते का, हे मला अजूनही छातीठोक सांगता येत नाही.

भांडण झालं नाही. गुरुजी यायचे बंद झाले, इतकंच. दाजींनी गिटार माळ्यावर टाकली. लग्नाकार्यात समोरासमोर आले तर राम राम व्हायचा, पण दोघं वेगवेगळ्या पंगतीला बसायचे. मशीन परत शेडात गेलं. अशी पंधरा वर्षं गेली.

रिटायर झाल्यावर मी साताऱ्यात घर केलं. जिन्याखालच्या खोलीत जुने रेडिओ दुरुस्त करत बसतो. गेल्या वर्षी आक्काचा फोन आला की शेडचे पत्रे बदलायचे आहेत आणि त्या खोलीतलं सामान काढायचंय. तुझं ते मशीन घेऊन जा, न्हाईतर भंगारात घालते. तुझं मशीन, असं ती म्हणाली. मला बरं वाटलं. मी गाडी घेऊन गेलो आणि दोन्ही पेट्या, वायर, सगळं साताऱ्याला आणलं. हे दुरुस्त करून दाजींना द्यायचं, म्हातारपणी वाजवत बसतील, असा माझा बेत होता. गुरुजी माझ्या डोक्यात नव्हते, हे कबूल केलेलं बरं.

व्हॉल्व्हच्या मशीनला हात लावायची एक पद्धत असते. आतले कंडेन्सर बंद मशीनमध्येही वीज धरून बसतात आणि त्या विजेला वयाचा मान नसतो. आधी ती उतरवायची. मग एक हात खिशात ठेवून दुसऱ्यानं काम करायचं, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जात नाही. मी असा एक हात खिशात घालून पेटीत डोकावत बसलो की बायको म्हणायची, बागेत फिरायला आलेत जसे.

आत उंदरानं संसार केला होता. तो साफ केला. कंडेन्सर सुकून गेले होते, ते सगळे बदलायला काढले. पाचातले तीन व्हॉल्व्ह चांगले निघाले. एक गोष्ट मात्र खटकली. व्हॉल्व्हच्या पिना, त्यांच्या बैठका, तांब्याच्या पट्ट्या, सगळं काळं पडलं होतं. जुनेपणानं तांबं लालसर तपकिरी होतं, कोपऱ्यात हिरवं पडतं. हे काजळ धरल्यासारखं काळं होतं. वय झालंय, असं म्हणून मी घासत राहिलो.

तिसऱ्या दिवशी स्पीकरची वायर हातात घेतली आणि सवयीनं दोन टोकांना मीटर लावला. तार सलग असली की मीटर पीं करतो, तो बोलला नाही. पिना घासून पुन्हा लावला. नाही. वायर वरून अगदी धड होती, वेष्टणसुद्धा फाटलेलं नव्हतं. मी एका टोकाजवळ ब्लेडनं चीर दिली. आत तांब्याच्या तारा असायला हव्या होत्या. आतून जळक्या उदबत्तीसारखा काळा भुगा तळहातावर पडला.

गंधक तांबं खातं. हे मला माहीत होतं, अगदी शाळेपासून माहीत होतं. वर्षानुवर्षं धुरी, शेजारी गंधकाची पोती, आणि पोत्यानं झाकून मी त्या मशीनला त्याच हवेत कोंडून ठेवलं होतं. नंतरच्या पंधरा वर्षांत ती आणखी खाल्ली गेली असेल, पण लावूनही आवाज आला नाही असं गुरुजी म्हणाले होते, म्हणजे वायर आतून तेव्हाच तुटलेली होती. गुरुजींनी ती दोन्ही बाजूंनी नीट लावली असेल, दाबून बघितली असेल, तरी स्पीकरपर्यंत काहीच पोचणार नव्हतं. आवाज आला नाही म्हणून त्यांनी बटण वाढवलं, कुणीही वाढवलं असतं. ट्रान्सफॉर्मर जळाला तो त्यामुळं. ट्रान्सफॉर्मर खरंच खोटं बोलला नव्हता. त्याचं म्हणणं मी अर्धंच ऐकलं होतं.

लगेच मी स्वतःसाठी पळवाट शोधली. जुन्या वायरींच्या रबरातही गंधक असतं, घरात ठेवली असती तरी वायर अशीच झाली असती. छान वाटलं. पण माझ्याकडच्या एका जुन्या रेडिओला अशीच, तितकीच जुनी, सुती वेष्टणाची वायर होती. तिलाही चीर दिली. आत तांबं थोडं मळलेलं, पण धड. मीटर लगेच बोलला.

मग दुसरी पळवाट. कुणाला कळणार आहे? नवी वायर टाकायची, जुनी कचऱ्यात. मशीन वाजायला लागलं की सगळे माझंच कौतुक करणार. दोन दिवस मी या विचारात काढले आणि त्या दोन दिवसांत माझी चिडचिड इतकी वाढली की बायकोनं विचारलं, मशीननं काही केलं का तुम्हाला. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं उपदेश केला नाही. तिनं एवढंच विचारलं, गुरुजी आता किती वर्षांचे असतील? मी हिशेब केला. पंचाहत्तरीच्या पुढं गेले होते.

तरी मी लगेच उठून गेलो नाही. रिकाम्या हातानं कसं जायचं, आधी मशीन वाजतं करू, असं ठरवलं. बायको म्हणाली, म्हणजे माफी मागायला बँड लागतो तर. लागत होता. मला नुसत्या शब्दांची भीती वाटत होती.

जळालेला ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळणारा नव्हता. तो तासगावच्या एका मोटर रिवायंडिंगवाल्याकडं नेला. पाच एचपीच्या मोटारी भरणारा माणूस, त्यानं तो तळहातावर घेऊन लहान मुलाचं करावं तसं कौतुक केलं. आतली तार केसाएवढी होती. तो म्हणाला, हे आपल्या बोटांचं काम न्हाई, घरात देतो. त्याच्या बायकोनं जुना ट्रान्सफॉर्मर एकेक थर उकलून वेढे मोजले आणि आठवड्यानं तसाच नवा भरून दिला. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात नीट वाइंडिंग होतं ते. फौजेत असती तर तिला खरंच मेजर केलं असतं.

मूळ होतं तसंच करायचं की बदल करायचे, यावर मी खूप विचार केला. जुन्या वस्तूत बदल करणं जाणकारांना आवडत नाही. पण मी तीन बदल केले. पहिला, तीन पिनांची अर्थिंगची वायर, कारण म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर लोखंडी तारांची गिटार असणार होती. दुसरा, आवाजाची बटणं दोन. आवाज थरथरवण्यासाठी एका व्हॉल्व्हचा अर्धा भाग खर्ची पडत होता आणि ती थरथर जोडीनं कधी वापरली नव्हती. तो अर्धा भाग मोकळा करून बेंजोला दिला. आता गिटारचं बटण गिटारचं, बेंजोचं बेंजोचं. बेंजोचं बटण बसवताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मी हे मशीन दोघांसाठी करतोय.

तिसरा बदल बाहेरून दिसत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, एक जाडजूड रेझिस्टर कायमचा जोडून टाकला. यापुढं वायर तुटो, पीन निघो, कुणी लावायला विसरो, आतल्या जोराला जायला थोडी तरी वाट राहील आणि ट्रान्सफॉर्मर सहजासहजी जळणार नाही. अगदी किरकोळ वस्तू. पण ती जोडताना मला जेवढं बरं वाटलं तेवढं बाकी कशानं वाटलं नाही.

पहिल्यांदा चालू करताना लाइनमध्ये एक बल्ब जोडतात. आत काही चुकलं असेल तर बल्ब भगभगतो आणि मशीन वाचतं. बल्ब एकदा उजळला आणि मंद झाला. मिनिटभरानं व्हॉल्व्हच्या पोटात तो जुना तांबूस उजेड आला, मग घरघर. मी बोट पिनेला लावलं, स्पीकर गुरगुरला. मी बायकोला हाक मारली. ती पीठ माखलेल्या हातानं आली, ऐकलं आणि म्हणाली, झालं ना, आता जावा.

मशीन गाडीत घालून आधी दाजींकडं गेलो. दाजी नव्या पत्र्यांच्या शेडसमोर खुर्ची टाकून बसले होते. मी पेट्या उतरवायच्या आधीच सांगितलं, कारण उतरवल्यावर धीर झाला नसता. वायर दाखवली. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते चिडतील, आणि खरं सांगायचं तर ते चिडावेत अशीच माझी इच्छा होती. ते शेडकडं बघत राहिले.

"तू मशीन बघितलं हुतंस, मेजर," ते म्हणाले. "मी त्या माणसाला तीस वरसं बघत हुतो. त्यानं लावली म्हणलं म्हंजे लावली. मला तवाच बोलाय पायजे हुतं."

आक्का आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थांबली. दाजी उठले, घरात गेले, माळ्यावरची गिटार काढायला लावली आणि फडक्यानं पुसत पुसत गाडीत येऊन बसले. चहा घ्या म्हणून आक्का मागं लागली. दाजी म्हणाले, तिकडंच घिऊ, देतील तर.

कडेगावपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. चढाच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो तेव्हा मला आनंद झाला, कारण तेवढीच दहा मिनिटं जास्त मिळाली.

गुरुजी अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. वाळून गेले होते, कानात यंत्र होतं. दाजींना बघून ते उठले, मला बघून पुन्हा बसले. दाजी त्यांच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले. जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी खिशातून ती वायर काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"गुरुजी, तुमी वायर लावली हुती," मी म्हणालो. "वायर आतनं मेलेली हुती. गंधकानं. शेडात मशीन मी ठिवलं, आणि तुमी इचारलं तर मी चेष्टा केली. चूक माझी हाय. तवा मीटर लावून बघायचं सोडून तुमाला खोटं पाडलं."

त्यांनी चीर उघडून पाहिलं. काळा भुगा बोटाला लागला, तो अंगठ्यानं चोळला. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागले. पहिली दोन-चार वर्षं त्यांना पक्की खात्री होती. मग वय वाढलं तसा बारीकसारीक गोष्टींचा विसर पडायला लागला आणि तो दिवस आठवताना घोटाळा व्हायला लागला. पीन हातात घेतलेली आठवायची, पण आत घातलेली आठवेना. पुढं पुढं त्यांना वाटायला लागलं, आपलंच चुकलं असणार, मेजर उगीच कशाला बोलेल. तेव्हापासून त्यांचा स्वतःवर भरवसा राहिला नव्हता. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून परत यायचे. बेंजोला हात लावला नाही.

मला वाटत होतं मी त्यांचा मान घालवला. मी त्यांच्याकडून त्यांची आठवण काढून घेतली होती. तिथं मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गुरुजींनी घराकडं तोंड करून हाक मारली. "अगं, ऐकलंस का? वायर लावली हुती मी."

आतून तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला आणि मग बाईंचा. "मग? मी कवा न्हाई म्हणलं?"

दाजी आधी हसले. मग गुरुजी हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले, आणि दाजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. वायरीला चीर दिल्यापासून मी इतका हलका कधी झालो नव्हतो. बाई बाहेर आल्या, त्यांनी माझ्याकडं जरा कडक नजरेनं बघितलं, आणि चहा मात्र सगळ्यांना दिला.

मशीन अंगणातच मांडलं. बेंजो पलंगाखालून निघाला, दोन तारा तुटलेल्या. उरलेल्या तारांवर काम भागवायचं ठरलं. नवी वायर गुरुजींनी माझ्या हातातून घेतली आणि स्पीकरला स्वतः लावली. मग माझं बोट धरून पिनेवर टेकवलं.

"लावली," ते म्हणाले. "आता तुमच्या गावात जाऊन सांगा, मेजर. तिथं बसलेल्या सगळ्यांना."

मी हो म्हणालो. दोघं वाजवायला बसले. सूर जुळवण्यातच अर्धा तास गेला. दाजींची कांडी घसरत होती, गुरुजींची बटणं चिकटत होती, आणि वस्तीतली माणसं एकेक करून भिंतीशी येऊन उभी राहत होती. हळूहळू जमत गेलं. दोघांनीही आपापलं बटण पुरतं वाढवलं होतं आणि कुणी कुणाला कमी करा म्हणालं नाही.

परतताना दाजींच्या गावात थांबलो. त्या दिवशी जोत्यावर बसलेल्या तिघांपैकी दोघं हयात आहेत. दोघांच्याही घरी जाऊन, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, एवढ्यासाठी आलास व्हय? मी म्हणालो, व्हय. तिसरा, ज्यानं वस्तीबद्दलचं ते वाक्य उच्चारलं होतं, चार वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मुलाला मी दारातच गाठलं, बाप काय बोलला होता आणि मी काय बोललो नव्हतो ते त्याला सांगितलं, आणि वायर लावली होती हेही सांगितलं. तो नुसता मान हलवत राहिला. मग म्हणाला, आत तरी या.